ऐकण्याची पाळी कोणाची?

कानात घातलं की बाहेरचा गोंगाट निम्म्याने मावळतो, असं एक यंत्र आता सामान्य घरांनाही परवडू लागलं आहे. ते घ्यावं कसं, वापरावं कसं आणि मुख्य म्हणजे चारचौघांच्या घरात त्याच्यासह नांदावं कसं, याविषयी थोडंसं.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर राहणाऱ्या बाईला घड्याळाची तशी गरज पडत नाही. पहाटेच्या शांततेत स्टेशनाकडून लोकलची धडधड ऐकू आली की समजावं, पाणी तापत ठेवायची वेळ झाली. मग जांभळी नाक्याच्या मंडईकडे निघालेले भाजीचे टेम्पो, त्यानंतर शाळेच्या रिक्षांचे भोंगे, आणि साडेआठनंतर तर विचारूच नका! बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला येऊन थांबली, तेव्हापासून या गावाला आवाजाची सोबत आहे. टेंभी नाक्याला ती जरा जास्तच आहे, एवढंच.

बाहेर हे, तर घरात काय कमी आहे? पंखा, मिक्सर, वॉशिंग मशीन, कुकर. पलीकडच्या खोलीत टीव्हीवरची मालिका. मुलीची ऑफिसची मीटिंग घरूनच चाललेली, मुलगा दहावीत. दोन-अडीच खोल्यांच्या ब्लॉकमध्ये हे सगळं एकाच वेळी चाललेलं असतं, आणि त्यात गृहिणीचे कान चोवीस तास उघडे. देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना काही दिल्या नाहीत. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या त्यांनीच, दाराची बेल ऐकायची त्यांनीच, सासूबाईंची हाक, धोब्याचा पुकारा, टाकी भरून वाहू लागल्याचा आवाज, सगळं त्यांच्याच खात्यात. घरात पाच माणसं असली तर कान दहा असतात, पण ऐकण्याची नोकरी त्यातले दोनच कान करत असतात.

अशा घरात आवाज घालवणारे बिनतारी हेडफोन आले, की सगळ्यांना आनंद होतो. होणारच! पण त्याबरोबर एक प्रश्नही घरात येतो, आणि तो खोक्यावर छापलेला नसतो. ज्याने ते कानात घातले, त्याच्या वाटचं ऐकायचं कोणी? या प्रश्नाकडे आपण येणारच आहोत. आधी त्या वस्तूची नीट ओळख करून घेऊ.

हे यंत्र करतं तरी काय?

कानात कापसाचे बोळे घातले की आवाज कमी येतो. तो नुसता अडवलेला आवाज. या यंत्राचं काम वेगळं आहे. अंगणातला झोपाळा आठवा. तो एका लयीत पुढे-मागे होत असतो. तो पुढे येईल त्याच क्षणी आपण त्याला तेवढ्याच जोराने उलट रेटा दिला, तर तो जागच्या जागी थांबतो. आवाज म्हणजेसुद्धा हवेचा झोपाळाच. हेडफोनच्या आत-बाहेर अगदी बारीक मायक्रोफोन असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात आणि आतलं यंत्र त्याच्या बरोबर उलटा आवाज तयार करून कानात सोडतं. पाच जमा, पाच वजा, हाती शून्य. याला म्हणतात ‘ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’. खोक्यावर थोडक्यात ‘ए.एन.सी.’ असं लिहिलेलं असतं.

झोपाळ्याचं उदाहरण मुद्दाम दिलं. झोपाळा संथ आणि एका लयीत असला तरच रेटा वेळेवर देता येतो. तसंच इथेही. पंख्याची घरघर, गाडीची धडधड, ए.सी.चा घुमणारा आवाज, रस्त्यावरच्या वाहतुकीचा अखंड गुरगुराट, हे जाड आणि एकसुरी आवाज छान मावळतात. कुकरची शिट्टी, भांडं पडल्याचा आवाज, बाळाचं रडणं, हॉर्न, माणसांची बोलणी, हे बारीक किंवा अवचित येणारे आवाज मात्र फारसे मावळत नाहीत. ते थोपवले जातात ते कानात घट्ट बसलेल्या रबरी टोपीमुळे. म्हणूनच मिक्सर लावला की त्याची घरघर कमी होते, पण किंचाळी उरतेच. ‘संपूर्ण शांतता’ असं जाहिरातीत म्हणतात. ती मनावर घेऊ नका.

ही कल्पना काही कालची नव्हे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला उलट्या आवाजाने आवाज मारण्याच्या युक्तीचं अमेरिकेतलं पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. पण युक्ती कागदावर राहिली. पुढे १९७८ साली अमर बोस हे प्राध्यापक विमानाने झुरिचहून बोस्टनला परत निघाले होते. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. विमानात दिलेले हेडफोन त्यांनी कानाला लावले, पण इंजिनाच्या आवाजात संगीत काही नीट ऐकू येईना. तिथल्या तिथे त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड सुरू केली. त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी पहिले असे हेडफोन १९८९ साली आणले, आणि सामान्य गिऱ्हाइकासाठी २००० साली.

योगायोग पाहा, १९७८ हेच टेंभी नाक्याच्या सार्वजनिक नवरात्रोत्सवाच्या सुरुवातीचंही साल. आनंद दिघे यांनी तो सुरू केला. एकीकडे आमच्या नाक्यावर ढोल वाजू लागले, त्याच साली तिकडे ढगांत एक प्रोफेसर आवाज बंद कसा करावा याचं गणित मांडत होते! ते गणित आमच्यापर्यंत पोचायला मात्र चाळीस वर्षं लागली. एके काळी परदेशातून येणाऱ्या भाच्याकडून मागवायची ही वस्तू आज बोट, नॉइज, रिअलमी, वनप्लस अशा कंपन्यांची साधारण दीड ते तीन हजार रुपयांत इथेच मिळते. शांतता विकणाऱ्या कंपनीचं नाव ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट, ही गंमत निराळीच.

विकत घेताना

पैठणी घेताना पदर उलटून पाहणाऱ्या आपण, खोक्यावरचे आकडे पाहून मात्र भुलतो. म्हणून या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, ‘ए.एन.सी.’ आणि ‘ई.एन.सी.’ यांत फरक आहे. एकाच अक्षराचा, पण जमीन-अस्मानाचा. ‘ई.एन.सी.’ म्हणजे तुम्ही फोनवर बोलताना तुमच्याकडचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जावा, ही सोय. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. स्वस्त मालाच्या खोक्यावर बहुधा हेच ठळक अक्षरांत असतं, आणि घाईत वाचणारा फसतो. दुकानदाराला स्पष्ट विचारा, “घालणाऱ्याच्या कानाला शांत वाटेल का?”

दुसरी गोष्ट आकड्यांची. ‘३० डेसिबलपर्यंत’, ‘४० डेसिबलपर्यंत’ असं छापलेलं असतं. त्यातला महत्त्वाचा शब्द ‘पर्यंत’. काही ठरावीक जाड आवाजांच्या बाबतीत जास्तीत जास्त तेवढं. सगळ्या आवाजांना तो आकडा लागू नाही.

तिसरी गोष्ट बॅटरी. ‘४० तास चालेल’ या हिशेबात डबीतून पुन्हापुन्हा चार्ज केलेले तास धरलेले असतात, आणि बहुतेक वेळा आवाज घालवण्याची सोय बंद ठेवून तो हिशेब केलेला असतो. ती चालू ठेवली की बॅटरी लवकर उतरते. एका बैठकीत चार-पाच तास मिळाले तरी घरच्या वापराला पुष्कळ.

चौथी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, ते कानाला बसतात की नाही. कानात घालायच्या बड्सबरोबर रबरी टोप्यांचे लहान, मध्यम, मोठे असे जोड येतात. खोक्यात बसवून आलेली मध्यम टोपी सगळ्यांना बसते असं नाही. बायकांना पुष्कळदा लहान लागते. दोन कानांना दोन मापं लागली तरी संकोच करू नका. टोपी सैल असेल तर पाच हजारांचं यंत्रही फुकट, आणि बरोबर बसली तर दोन हजारांचंही मन राखतं.

कानावर बसणारे मोठे हेडफोन घ्यायचे असतील तर आपल्या काही खास अडचणी आहेत. चष्म्याच्या काड्यांमुळे गादीखाली फट राहते आणि आवाज आत शिरतो. कुड्या किंवा टपोरे टॉप्स असतील तर ते दाबून कानाची पाळी दुखते. अंबाडा उंच असला तर पट्टा नीट बसत नाही. आणि मे महिन्यात ठाण्याच्या घामात कानावर दोन उशा बांधून कोण बसणार? एका जागी बसून काम करणाऱ्या मुलीला ते चांगले. घरभर फिरणाऱ्या बाईला बड्स बरे. मात्र एक बड पडला तर पलंगाखाली नाहीतर कणकेच्या डब्यामागे शोधत बसावं लागतं, हे गृहीत धरा.

खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा, बिल जपून ठेवा. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी परीक्षा घ्या. गाणं न लावता पंख्याखाली बसा आणि सोय एकदा चालू, एकदा बंद करून पाहा. घरघर स्पष्टपणे कमी झाली पाहिजे. मग खिडकीशी उभ्या राहून तसंच करा. फरक कळलाच नाही, तर आधी टोपी बदलून पाहा. तरीही कळला नाही, तर मुदतीच्या आत परत करा. काहींना ते चालू करताच कानात दडा बसल्यासारखं वाटतं. बहुतेकींना चार दिवसांत सवय होते. ज्यांना होत नाही त्यांनी उगाच सोसू नये.

गॅस चालू, तर यंत्र बंद

आता स्वयंपाकघर. आमच्या घरी या यंत्राला येऊन दोन वर्षं झाली, आणि त्याबरोबर केलेला पहिला नियम हाच, की गॅसवर काही असताना दोन्ही कान बंद ठेवायचे नाहीत. कुकरच्या शिट्ट्या पुसट ऐकू येतात आणि गाणं लागलेलं असेल तर मोजायच्या राहून जातात. दूध तर शिट्टीही देत नाही! पोळ्या लाटताना एखादं व्याख्यान किंवा नाट्यगीत ऐकायचं असेल, तर एकाच कानात घाला. बहुतेक यंत्रांत बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेण्याचीही सोय असते. इंग्रजीत तिला ‘ट्रान्सपरन्सी’ म्हणतात. खिडकी उघडल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघरात ही खिडकी उघडी असावी.

खरा उपयोग होतो तो दुपारी. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, आणि पाऊण तास पडायचं आहे. त्याच वेळी शेजारच्या ब्लॉकमध्ये फरशी बदलण्याचं काम निघतं किंवा समोर नव्या इमारतीचं खोदकाम. अशा वेळी काहीही न लावता नुसतं यंत्र चालू करून डोळे मिटले, तरी बरं वाटतं. यंत्र कानात घातलं म्हणजे गाणं लावलंच पाहिजे, असं कुठे आहे? पुष्कळ जणींना हे ठाऊकच नसतं. मात्र कुशीवर झोपताना बड कानात रुततो, आणि रात्रभर ते घालून झोपणं बरं नव्हे. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मुळीच नव्हे.

घरात वडीलधाऱ्यांना कमी ऐकू येत असेल आणि टीव्हीचा आवाज चाळीभर जात असेल, तर एक युक्ती सांगते. पुष्कळशा नव्या टीव्हींना ब्लूटूथ असतं. हेडफोन आपण लावण्याऐवजी आजोबांना द्या! त्यांना मालिका नीट ऐकू येते, बाकीच्यांना शांतता मिळते, आणि मुलाचा अभ्यास होतो. पण त्याआधी एकदा त्यांचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्या. हेडफोन हे काही श्रवणयंत्र नव्हे.

लोकलमध्ये आणि रस्त्यावर

ठाण्याहून सी.एस.एम.टी.ला रोज जाणाऱ्या-येणाऱ्या बाईचे दोन-अडीच तास गाडीच्या खडखडाटात जातात. गाडीचा आवाज जाड आणि एकसुरी, म्हणजे या यंत्राच्या पथ्यावर पडणारा. लेडीज डब्यातल्या गप्पा, भिशीचा हिशेब आणि चौथ्या सीटवरून होणारं भांडण मात्र तसंच ऐकू येतं, ही त्याची मर्यादा म्हणा किंवा करमणूक!

इथे आरोग्याचाही एक मुद्दा आहे. साध्या इअरफोनवर गाडीत गाणं ऐकायचं तर खडखडाटावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवत नेतो, आणि कानाचं नुकसान होतं ते त्यामुळे. बाहेरचा आवाज आधीच कमी झाला असेल तर गाणं हळू लावूनही भागतं. या यंत्राचा सगळ्यांत मोठा फायदा म्हणाल तर हाच. पण यंत्र चालू करूनही आवाज पूर्वीइतकाच मोठा ठेवला, तर मिळवलेलं घालवलंच की!

उतरण्याचं स्टेशन जवळ आलं की दोन्ही कान मोकळे करा. प्लॅटफॉर्मवर, जिन्यावर, रस्ता ओलांडताना यंत्र कानात नकोच. टेंभी नाक्यासारख्या चौकात रिक्षा कुठल्या बाजूने येईल हे डोळ्यांआधी कानांना कळतं. रूळ ओलांडणं हा तर एरवीही गुन्हा आहे. कान बंद करून ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. संध्याकाळनंतर एकटीने चालताना मागची चाहूल ऐकू आलीच पाहिजे, हे मुलींना आवर्जून सांगा. स्कूटर चालवताना काय करावं, हे तर सांगायलाच नको.

कानाची निगा

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. आवाज ९० डेसिबलवर गेला, तर तेच ४० तास ४ तासांवर येतात. दहाच डेसिबलने केवढा फरक पाहा! डेसिबलचा हिशेब किराणाच्या बिलासारखा नसतो. १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दसपट होते. बऱ्याच फोनमध्ये आवाजावर मर्यादा घालण्याची सोय असते. मुलांच्या फोनमध्ये ती लावून ठेवा. आणि साधी खूण म्हणजे, हातभर अंतरावरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज मुळीच कळत नसेल तर गाणं फार मोठं आहे.

दमट हवेत कान झाकलेला राहिला की आत ओल धरते, खाज सुटते, बुरशीही होते. पावसाळ्यात हे प्रमाण वाढतं. नहाणं झाल्याबरोबर बड्स घालू नका. तासाभराने दहा मिनिटं कान मोकळे ठेवा. रबरी टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्यात, पूर्ण सुकल्यावरच बसवाव्यात. बड्सना मात्र पाणी लावू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसावं आणि जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने हलकेच काढावा. टोचायला हेअरपिन घेऊ नका, यंत्राच्या जाळीलाही नको आणि कानालाही नको! एकमेकींचे बड्स वापरणं म्हणजे एकमेकींचा टूथब्रश वापरण्यासारखं. कान दुखत असेल, वाहत असेल किंवा शांत बसल्यावर कानात सतत गुंजन ऐकू येत असेल, तर यंत्र बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. आणि बॅटरी निकामी झाली की ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावं.

ढोलापुढे यंत्राचं काय चालणार?

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथला उत्साह सांगायला नको. ओटी घेऊन रांगेत उभं राहण्यात सुख आहे. पण नऊ रात्री त्याच परिसरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस घेऊन राहणाऱ्या घराचीही एक बाजू असते. अशा वेळी “हेडफोन लावा की!” असा सल्ला हल्ली सहज दिला जातो. तो अपुरा आहे. ढोल-ताशे आणि मोठे स्पीकर यांच्यापुढे हे दोन हजारांचं यंत्र थिटं पडतं. ते कानाचं संरक्षण करणारं साधन म्हणून बनवलेलंच नाही. ज्यांना मिरवणुकीत जवळून चालायचं आहे त्यांना औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे जास्त उपयोगी. छाती हादरवणाऱ्या दणक्यावर तर कानात काहीही घालून उपयोग नाही. आणि तान्ह्या बाळाच्या कानात काय घालणार?

यासाठी कायदा आहे, आणि त्यात ठाण्याचं नाव मानाने घ्यावं असं आहे. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणावारांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. नियम होते, पण पाळतो कोण? ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर २०१० साली यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. गोंगाटापासून मुक्त वातावरणात राहणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं आणि पोलिसांना आवाज मोजण्याची यंत्रं द्या, नागरिकांना तक्रार करण्याची सोय करा, असे आदेश सरकारला दिले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कुर्ला-चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर याच न्यायालयाने सांगितलं, की तक्रार करणाऱ्याचं नाव पोलिसांनी उघड करू नये. शेजाऱ्यांशी वाकडं येईल म्हणून गप्प बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोठाच आधार आहे. आधी मंडळाच्या कार्यकर्त्यांशी गोडीने बोलावं, आणि ते जमलं नाही तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावं. स्वतःचे कान झाकणं हा स्वतःपुरता इलाज. सगळ्यांच्या कानांची काळजी घ्यायची तर दार उघडून बोलावंच लागतं.

आणि आता तो प्रश्न

दाराबाहेर जे खरं, तेच दाराच्या आतही खरं आहे. घरात हे यंत्र पहिल्यांदा येतं कोणासाठी? मुलाच्या अभ्यासासाठी, मुलीच्या मीटिंगसाठी, किंवा ऑफिसातून दमून येणाऱ्या यजमानांसाठी. कारणं सगळी रास्त आहेत. पण होतं काय, की एकेक माणूस कान बंद करून आपापल्या शांततेत जाऊन बसतो, आणि पूर्वी जी बेल चौघांपैकी कोणीही ऐकत असे, ती आता फक्त आईला ऐकू येते. हाका मारून उत्तर मिळत नाही म्हणून ती प्रत्येकाच्या खोलीपर्यंत चालत जाते. यंत्र आल्यापासून घर शांत झालं असं सगळे म्हणतात, आणि तिचं काम मात्र वाढलेलं असतं.

उलट एखाद्या दुपारी तिनेच ते कानात घातलं, तर? सासूबाई दोनदा हाक मारतात, तिसऱ्यांदा दुखावतात. “हल्ली हाक मारली तरी ऐकू येत नाही!” जाणूनबुजून केलेला कानाडोळा आणि यंत्रामुळे न ऐकू येणं, यांतला फरक बाहेरून दिसत नाही. बड्स तर केसांआड लपलेले. अशा छोट्या गोष्टींवरून मनात अढी बसते. त्यामुळे तीच यंत्र काढून ठेवते, आणि पुन्हा सगळं पूर्ववत होतं.

याला उपाय एकच. ऐकण्याच्या कामाची वाटणी करायची. भांडी, केर, दळण यांची वाटणी आता पुष्कळ घरांत होऊ लागली आहे. पण बेल ऐकणं, शिट्ट्या मोजणं, हाकेला ओ देणं हेसुद्धा काम आहे, हे अजून कोणाच्या यादीत नाही. कान टवकारून बसलेल्या माणसाला विश्रांती मिळत नाही, मग तो पलंगावर पडलेला का असेना. तेव्हा ते यादीत घाला. दुपारी दोन ते तीन ऐकण्याची पाळी मुलाची असेल, तर त्या तासात त्याचे कान उघडे राहतील, दार तो उघडेल, आजीला पाणी तो देईल. संध्याकाळी सात ते आठ यजमानांची पाळी असेल, तर कुकर त्यांच्या स्वाधीन. ज्याची पाळी नाही, त्याने खुशाल कान बंद करावेत आणि त्याला कोणी बोल लावू नये.

बाकी दोन-तीन साधे संकेत पाळले की पुरे. कानात यंत्र घालण्यापूर्वी “मी आता तासभर ऐकणार नाही,” असं मोठ्याने सांगावं. त्या माणसाला बोलवायचं तर मागून खांद्यावर हात ठेवून दचकवू नये, समोर येऊन हात हलवावा. वडीलधाऱ्यांजवळ एखादी छोटी घंटा किंवा फोनवर मिस्ड कॉल देण्याची सोय ठेवावी. फोन आला की तो कानातच वाजतो, त्यामुळे हाक चुकत नाही. आणि जेवायला बसताना सगळ्यांची यंत्रं डबीत. त्या अर्ध्या तासात घरातले दहाच्या दहा कान मोकळे असले पाहिजेत.

हे सगळं चार माणसांत बोलून ठरवायला पाच मिनिटं पुरतात. ठरलं की तोंडी ठेवू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी नावं आणि वेळा लिहून टाका. पहिल्या पाळीला कोणाचं नाव घालावं, असं विचाराल तर मैत्रिणींनो, ते तुमचं नसावं, एवढंच मी सुचवीन.